रांगेत उभे असलेले कोट्यधीश

२०१६ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका वयोवृद्ध गृहस्थाने फेरारी कंपनीवर खटला भरला. गाडी बिघडली, इंजिन तापले, डिलिव्हरीला उशीर झाला, यांतली एकही तक्रार नव्हती. कंपनी आपल्याला गाडी विकत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

प्रेस्टन हेन हे काही नवखे गिऱ्हाईक नव्हते. फोर्ट लॉडरडेल शहरात त्यांचा ‘स्वॉप शॉप’ नावाचा भला मोठा बाजार होता. दिवसा तिथे जुन्या-पान्या वस्तूंची खरेदी-विक्री चाले आणि रात्री लोक आपापल्या मोटारीत बसून सिनेमा पाहत. बाजारात मोजे-चपला घ्यायला आलेल्या माणसाला वाटेत हेनसाहेबांच्या फेरारी मांडून ठेवलेल्या दिसत. ते स्वतः शर्यतीत उतरत. १९८३ मध्ये डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या चौघा चालकांत त्यांचे नाव आहे. १९६५ च्या ल मॉन्स शर्यतीत तिसरी आलेली ‘२७५ जीटीबी/सी स्पेशियाले’ ही गाडीही त्यांच्या संग्रहात होती. एवढी पुण्याई गाठीशी असताना त्यांनी ‘लाफेरारी अपेर्ता’ या नव्या उघड्या टपाच्या गाडीसाठी थेट कंपनीच्या प्रमुखांच्या नावे दहा लाख डॉलरचा चेक पाठवला. चेक परत आला. गाड्या जेमतेम दोनशे निघणार होत्या आणि त्या कोणाकोणाला द्यायच्या हे आधीच ठरून गेले होते.

आपण ‘पात्र नाही’ असे सांगितले गेल्याने आपली बदनामी झाली, असा दावा हेन यांनी लावला. खटला निकालापर्यंत गेलाच नाही. २०१७ मध्ये ते वारले.

पात्रता हा शब्द आपल्याला नोकरीच्या जाहिरातीतून आणि गृहकर्जाच्या अर्जातून माहीत आहे. पैसे मोजून वस्तू घेणाऱ्याला तो कुणी लावत नाही. दुकानदाराने दर सांगायचा, गिऱ्हाईकाने घासाघीस करायची आणि शेवटी ‘तुमचं राहू द्या, माझं राहू द्या’ म्हणत मधला आकडा काढायचा, हा आपला व्यवहार. महागड्या स्पोर्ट्‌स कारच्या दुकानात तो उलटा चालतो. तिथे घासाघीस गिऱ्हाईकाच्या लायकीची होते.

शर्यतीचा खर्च

हा उलटा व्यवहार कुठून आला हे समजायला उत्तर इटलीतल्या मोदेना शहराजवळच्या मारानेल्लो गावी जावे लागते. एन्झो फेरारी यांचा जन्म मोदेनाचाच, १८९८ चा. शर्यतींचे त्यांना वेड. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःचा शर्यतीचा संघ काढला आणि बरीच वर्षे तो आल्फा रोमिओच्या गाड्या पळवत राहिला. फेरारीच्या नावाची पहिली गाडी, ‘१२५ एस’, निघाली ती १९४७ मध्ये. रस्त्यावर चालवायच्या गाड्या श्रीमंतांना विकायच्या त्या कशासाठी, तर शर्यतीचा खर्च भागावा म्हणून. त्यामुळे गिऱ्हाईक हा या कारखान्याचा देव कधीच नव्हता. फार तर तो देवळाला देणगी देणारा यजमान होता.

गिऱ्हाईक आणण्याचे काम इतरांनी केले. अमेरिकेत ते लुइजी किनेत्ती यांनी केले. १९४९ मध्ये फेरारीला ल मॉन्सचे पहिले विजेतेपद मिळवून देणारे चालक तेच. त्यांनी अमेरिकेत फेरारीची एजन्सी घेतली आणि तिथल्या धनिकांना या गाडीची चटक लावली. जो गाडी विकतो तो स्वतः शर्यत जिंकून आलेला आहे, ही गोष्ट त्या काळच्या गिऱ्हाईकावर केवढा दाब टाकत असेल! विक्रेत्याने गिऱ्हाईकाकडे जरा वरूनच पाहायचे, हा शिरस्ता अशा वातावरणात रुजला.

याच शिरस्त्यातून मोटारींच्या जगातली सर्वांत गाजलेली कथा जन्मली. फेरूचो लॅम्बॉर्गिनी हे ट्रॅक्टरचे कारखानदार. त्यांच्याकडे फेरारी होत्या आणि त्यांचा क्लच वरचेवर जाई. तक्रार घेऊन ते एन्झोंकडे गेले, तर ‘तुम्ही ट्रॅक्टर चालवा, फेरारी तुम्हाला जमायची नाही’ अशा अर्थाचे काहीतरी ऐकून परतले. मग त्यांनी १९६३ मध्ये मारानेल्लोपासून तासाभराच्या अंतरावर सान्तागाता बोलोन्येझे गावात आपलाच कारखाना काढला. कारखाना आणि साल खरे. क्लचची आणि अपमानाची हकिगत मात्र आपल्यापर्यंत फेरूचोंच्या तोंडूनच आलेली आहे. त्या खोलीत काय घडले याला तिसरा साक्षीदार नाही.

आपल्याकडे हीच कथा अलवारच्या महाराजांच्या नावाने फिरते. लंडनच्या शोरूममध्ये साध्या कपड्यांतल्या महाराजांचा अपमान झाला, मग त्यांनी रोल्स-रॉइस गाड्या घेऊन शहराचा कचरा उचलायला लावल्या, वगैरे. हिला कागदोपत्री आधार नाही आणि सांगणारा बदलला की महाराजही बदलतो. तरी ती मरत नाही, कारण तिचा शेवट आपल्याला हवा तसा आहे. अपमान झालेले गिऱ्हाईक शेवटी दुकानदाराची जिरवते.

प्रत्यक्षात घडते ते याच्या अगदी विरुद्ध. अपमान झालेले गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करते.

एक गाडी कमी

बाजाराला जितक्या गाड्या हव्यात त्याहून एक कमी बनवायची, हे सूत्र एन्झो फेरारींच्या नावावर सांगितले जाते. ते किती गंभीरपणे घेतले गेले हे आकड्यांतून दिसते.

१९८७ मध्ये ‘एफ४०’ आली. सुरुवातीला सुमारे ४०० काढायचे ठरले होते. मागणी अशी उसळली की प्रत्यक्षात तेराशेच्या वर गाड्या निघाल्या. त्या वर्षांत जुन्या-नव्या फेरारींचा सट्टाच चालू होता. माणसे बुकिंगच्या पावत्या शेअरसारख्या विकत होती. पुढे सट्टा कोसळला आणि कंपनीने धडा घेतला. १९९५ च्या ‘एफ५०’ या गाडीचे ३४९ नग काढले गेले. अंदाज होता साडेतीनशेचा, म्हणून एक कमी. २००२ ची ‘एन्झो’ ३९९ ठरली होती. चारशेवी बनली ती पोपना दिली गेली आणि धर्मादाय कार्यासाठी लिलावात विकली गेली. २०१३ ची ‘लाफेरारी’ ४९९. २०२४ मध्ये जाहीर झालेली ‘एफ८०’ ७९९. प्रत्येक आकडा गोल संख्येच्या अलीकडे येऊन थांबतो. बाटाच्या ९९९.९० रुपयांच्या किमतीसारखाच हा हिशेब आहे, फक्त इथे गिऱ्हाईकाला स्वस्ताईऐवजी टंचाई दाखवायची असते.

२०१३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष लुका दी मॉन्तेझेमोलो यांनी उत्पादन कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या वर्षी ६,९२२ गाड्या गेल्या, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे पाच टक्के कमी. महसूल मात्र पाच टक्क्यांनी वाढला. माल कमी विकला आणि गल्ला जास्त भरला. हे गणित कोणत्याही किराणा दुकानदाराला सांगितले तर तो आपल्याकडे संशयाने बघेल.

पुढे धोरण थोडे सैल झाले. २०१५ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली आणि २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या गेल्या. तरीही रांग तुटली नाही, कारण रांगा दोन आहेत. एक नेहमीच्या मॉडेलची. ती पैसे आणि सबुरी असलेल्या माणसाला मिळते. दुसरी मोजक्या नगांच्या गाडीची. ती पहिल्या रांगेत वर्षानुवर्षे उभे राहिलेल्यांमधून निवडलेल्यांना मिळते. पहिल्या रांगेतली माणसे महागडी गाडी घेतात ती पुष्कळदा दुसऱ्या रांगेच्या आशेवर. आपल्या बहुसंख्य नव्या गाड्या आधीपासून फेरारी बाळगणाऱ्यांनाच जातात, हे कंपनी स्वतःच्या अहवालांत अभिमानाने नोंदवते.

शोरूमच्या आत

अशा शोरूममध्ये पहिल्यांदा गेलेल्या माणसाला जाणवते ती शांतता. दर्शनी भागात तीन-चार गाड्या. त्यांतली एखादी आधीच कोणाची तरी झालेली. किमतीची पाटी नाही. ‘बसून बघू का?’ असे विचारावे लागते. टेस्ट ड्राइव्हचा विषय काढला तर समोरचा माणूस अतिशय गोड हसतो आणि तुम्ही सध्या काय चालवता, हे विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पहिल्या इयत्तेची परीक्षा.

पुढच्या इयत्ता सावकाश उलगडतात. नव्या माणसाला दुर्मिळ गाडी मिळत नाही. त्याने आधी नेहमीचे मॉडेल घ्यावे किंवा अधिकृत डीलरकडची वापरलेली गाडी घ्यावी. सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करावी. गाडी विकायची झालीच तर बाहेरच्या दलालाला न देता त्याच डीलरला परत द्यावी. कंपनीच्या सहलींना, ट्रॅकवरच्या शिकवणीला, नव्या मॉडेलच्या अनावरणाला हजेरी लावावी. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवण्यापेक्षा चालवावी. यातले बरेचसे कुठल्या करारात लिहिलेले नसते. पण मोजक्या नगांची गाडी कोणाला द्यायची हे अखेर मारानेल्लोत ठरते आणि डीलर तिकडे शिफारस पाठवतो. शिफारस त्याच्या हातात असल्यावर नियम लिहायची गरज काय? मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात हुंडा-मानपानाचे कोणी लेखी देत नसे, तरी दोन्ही बाजूंना सगळे माहीत असे. तोच प्रकार.

एकदा नाव पक्के झाले की वागणूक पालटते, आणि इथे डीलरला त्याचे श्रेय द्यायला हवे. गिऱ्हाईकाला एका लांब टेबलापाशी बसवतात. समोर कातड्याचे नमुने, गालिच्याचे तुकडे, रंगाच्या पट्ट्या. सीटची शिलाई कोणत्या दोऱ्याने? बेल्टचा रंग दोऱ्याशी जुळवायचा की उठून दिसेल असा ठेवायचा? ब्रेकचे कॅलिपर पिवळे की लाल? घोड्याचे चिन्ह डोके टेकवायच्या उशीवर भरतकामात हवे का? पैठणीचे काठ-पदर ठरवताना येवल्याच्या विणकराकडे जी चर्चा चालते तशीच ही चालते, आणि दोन-तीन तास कधी सरतात कळत नाही. फरक एवढाच की इथे प्रत्येक ‘हो’ला वेगळी किंमत आहे. गाड्या आणि सुटे भाग यांतून फेरारीला येणाऱ्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा अशा हौशी-आवडीतून येतो. म्हणजे त्या टेबलाशी बसलेला विक्रेता दोऱ्याचा रंग निवडायला मदत करतो तेव्हा तो कारखान्यातले दुसरे इंजिनच चालवत असतो.

सेवेतही हात आखडता नसतो. ठरलेल्या देखभालीचा खर्च पहिली सात वर्षे गाडीच्या किमतीतच धरलेला असतो आणि मधे गाडी दुसऱ्याला विकली तरी ती सवलत गाडीबरोबर जाते. जुन्या गाडीचे मूळपण तपासून प्रमाणपत्र देणारा स्वतंत्र विभाग आहे. आणि या सगळ्याच्या टोकाला ‘एफएक्सएक्स’सारखी योजना आहे. २००५ मध्ये निवडक गिऱ्हाईकांनी सुमारे पंधरा लाख युरो मोजून ही गाडी घेतली. ती रस्त्यावर चालवायची परवानगी नव्हती. बहुतेकांच्या गाड्या कंपनीच सांभाळत असे. मालकाने ठरलेल्या दिवशी ट्रॅकवर यायचे, कंपनीचे तंत्रज्ञ गाडी तयार ठेवणार, त्याने फेऱ्या मारायच्या आणि घरी जायचे. गाडीतून मिळालेली माहिती कंपनी पुढच्या मॉडेलसाठी वापरणार. गाय आपली, गोठा पाटलाचा आणि दूधही पाटलाचेच! तरीही त्या वेळी नाकारलेल्यांची यादी घेतलेल्यांच्या यादीपेक्षा नक्कीच मोठी असणार.

‘ऑन’चा धंदा

जिथे टंचाई तिथे ‘ऑन’ आलाच. मुंबईत मूळ किमतीवर वरून मोजायच्या पैशाला हा सुटसुटीत शब्द आहे. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेल्या किमतीचा कागद लावणे बंधनकारक झाले. पण ती किंमत सुचवलेलीच. डीलर शेजारी स्वतःचा दुसरा कागद लावून त्यावर ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणून हवी ती रक्कम लिहू शकतो. नाव साहेबी, चीज तीच.

खरी भानगड पुढे होते. रांगेतून गाडी मिळालेला माणूस ती दारात यायच्या आत दुप्पट-तिप्पट भावाने विकू शकतो. २०१६ च्या पोर्शे ‘९११ आर’चे ९९१ नग निघाले आणि बाजारात त्यांचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट गेले. नफा झाला तो कंपनीच्या पदरात नाही, मधल्या माणसाच्या. यावर कंपन्यांनी शोधलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. फेरारीने ‘एफ५०’ अमेरिकेत विकण्याऐवजी दोन वर्षांच्या भाडेकरारावर दिली. गाडी तुमच्या नावावरच नाही, तर विकणार काय? पोर्शेने २०२३ च्या ‘९११ एस/टी’ला अमेरिकेत हाच तोडगा एका वर्षासाठी काढला.

फोर्डने तर सरळ अर्ज मागवले. २०१६ मध्ये ‘फोर्ड जीटी’च्या पहिल्या ५०० गाड्यांसाठी साडेसहा हजारांवर पूर्ण भरलेले अर्ज आले. तुमच्याकडे आधी कोणत्या गाड्या आहेत, ही गाडी तुम्ही कशी वापराल, लोकांमध्ये तुमचा प्रभाव किती, असे प्रश्न अर्जात होते. निवड झालेल्यांनी चोवीस महिने गाडी न विकण्याचे लिहून द्यायचे. कुस्तीच्या आखाड्यातून सिनेमात गेलेले जॉन सीना हे त्यांतले एक. त्यांनी ४,६३,३७६ डॉलरला घेतलेली गाडी काही आठवड्यांतच विकली आणि फोर्डने त्यांना कोर्टात खेचले. २०१८ मध्ये तडजोड झाली. सीना यांनी जाहीर माफी मागितली आणि तडजोडीची रक्कम धर्मादाय कामाला गेली.

गाडी ठेवली, विकली नाही, तरी सुटका नसते. कॅनडाचा संगीतकार डेडमाऊस याने आपल्या फेरारीवर आभाळी रंगाचे, मांजराचे चित्र असलेले आवरण चढवले आणि उधळलेल्या घोड्याच्या चिन्हाजागी मांजर बसवून खाली ‘पर्रारी’ असे लिहिले. २०१४ मध्ये कंपनीच्या वकिलांचे पत्र आले. आवरण उतरले. मग या गड्याने लॅम्बॉर्गिनी घेतली आणि तेच मांजर तिच्यावर चढवले. फेरूचोंच्या कथेला पन्नास वर्षांनीही गिऱ्हाईक मिळते ते असे.

आकुर्डीची रांग

मराठी वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. आपणही अशा रांगेत उभे राहिलो आहोत, फक्त गाडीला चाके दोन होती.

पुण्याजवळच्या आकुर्डीत १९७२ मध्ये बजाजची ‘चेतक’ बनू लागली. किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे आणि बुकिंग केल्यावर नंबर लागायला दहा-दहा वर्षे जात. बुकिंगची पावती कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी राही. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर नंबर लवकर लागे, म्हणून दुबई-अमेरिकेतल्या मेहुण्याचा भाव वधारे. स्कूटर मिळाली की तिच्यावर ऑन घेऊन विकणारे होते. आणि याला आळा घालायला गाड्या-स्कूटरच्या वाटपावर सरकारचे नियंत्रण आदेश होते. ठराविक मुदतीच्या आत परवानगीवाचून विकायची नाही, ही अट आपल्या बाबूंनी फोर्डच्या कितीतरी आधी घालून ठेवली होती.

सगळे तेच: वेटिंग, पात्रता, ऑन, न विकण्याची हमी. तरी दोन रांगांत एक मूलभूत फरक आहे. आकुर्डीच्या रांगेत उभ्या माणसाला रांग नको होती, त्याला स्कूटर हवी होती. परवान्यांचे राज्य गेले, उत्पादन वाढले, जपानी मोटरसायकली आल्या आणि रांग विरघळली. कोणी तिच्यासाठी अश्रू ढाळले नाहीत. मारानेल्लोच्या रांगेतल्या माणसाला रांगही हवी असते. उद्या ‘एफ८०’ कोणालाही, कधीही मिळेल असे जाहीर झाले, तर इंजिन तेच राहील, वेग तोच राहील, पण ३६ लाख युरो मोजणारे निम्मे लोक निघून जातील. त्यांनी घेतलेल्या वस्तूचा मोठा भाग ‘इतरांना मिळाली नाही’ हा असतो.

म्हणून डीलरचा तोरा हा त्याच्या स्वभावाचा दोष मानणे चूक आहे. तो मालाचाच भाग आहे. रोज नम्र, कायम उपलब्ध, सूट द्यायला तयार असा फेरारी-विक्रेता हा कंपनीच्या दृष्टीने गाडीला पडलेल्या पोच्याइतकाच नुकसानीचा.

मुंबईतले गिऱ्हाईक

भारतातली सर्वांत प्रसिद्ध फेरारी शोरूममधून आलीच नाही. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाट हिने त्याला ‘३६० मोदेना’ भेट दिली. सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर मायकेल शूमाकरने ती त्याच्या हाती सोपवली. आयातशुल्क माफीवरून गदारोळ झाला आणि अखेर शुल्क फियाटने भरले. त्या वेळी फेरारीचे भारतात अधिकृत दुकानच नव्हते. ते आले २०११ मध्ये दिल्लीत. तो करार टिकला नाही आणि २०१५ मध्ये दिल्ली व मुंबईत नवे डीलर नेमले गेले. दीड लाखाच्या मोटरसायकलचा डीलर बदलला तर पलीकडच्या चौकात दुसरा असतो. इथे डीलर गेला की गाडीचा डॉक्टर, औषधे आणि हमी सगळेच एकदम गेले.

बाजार छोटा आहे. लॅम्बॉर्गिनीने २०२४ मध्ये जगभर १०,६८७ गाड्या दिल्या, त्यांतल्या भारतात ११३. पूर्ण तयार अवस्थेत आलेल्या गाडीवर वर्षानुवर्षे जवळपास तिच्या किमतीइतके आयातशुल्क बसत आले आहे. त्यावर जीएसटी, विमा आणि आरटीओ. महाराष्ट्रात एकरकमी वाहनकराची कमाल मर्यादाच जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. तरीही डिलिव्हरीच्या दिवशीचा देखावा अस्सल आपला असतो. गाडीवरून रेशमी कापड ओढले जाते, टाळ्या पडतात. मग घरातल्या आजी पुढे होतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, चारही चाकांखाली लिंबे ठेवली जातात. विक्रेता हसत उभा असतो, पण त्याची नजर आजींच्या हातातल्या नारळावर खिळलेली असते. तो जमिनीवर फुटणार की बंपरवर?

आपल्या गिऱ्हाईकाचा सूरही वेगळा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेमंड समूहाचे गौतम सिंघानिया यांनी समाजमाध्यमावर उघड लिहिले, की लॅम्बॉर्गिनीची ‘रेवुएल्तो’ चालवून पाहत असताना अटल सेतूवर तिची विजेची यंत्रणा पूर्ण बंद पडून आपण अडकलो, आणि कंपनीच्या वरिष्ठांनी साधी विचारपूसही केली नाही. बारा सिलिंडरच्या गाडीबद्दलची ही तक्रार आणि ‘फ्रिज बिघडला, माणूस पाठवत नाहीत’ ही तक्रार, दोन्हींत दुखणे एकच. वस्तू बिघडते याचा राग कमी येतो. फोन कोणी उचलत नाही याचा जास्त येतो.

अशा माणसाला कायद्याचा दरवाजा आहे, पण तो घराजवळ नाही. मोजलेली रक्कम दोन कोटींच्या वर असेल तर तक्रार जिल्हा किंवा राज्य आयोगाकडे न जाता थेट दिल्लीच्या राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे जाते. अशा गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात, मग ‘कंपनी ही ग्राहक कशी?’ असा मुद्दा विक्रेत्याचे वकील काढतात. संचालकाच्या वापरासाठी कंपनीने गाडी घेतली, एवढ्यावरून ती व्यापारी हेतूची खरेदी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. शोरूममध्ये तुमची पात्रता कोणीही तपासो, व्यापारी हेतू नसेल तर कायद्यापुढे पावती दाखवणारा प्रत्येक जण ग्राहकच.

रांग कशाची आहे?

हे प्रकरण वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ‘एफ८०’चा नंबर न लागल्याचे दुःख होणार आहे. पण ही रीत आता करोडोंच्या गाड्यांपुरती राहिलेली नाही. ‘फक्त निमंत्रितांसाठी’ असलेले क्रेडिट कार्ड, ‘शेवटचे तीनच फ्लॅट शिल्लक’ म्हणणारा बिल्डर, प्रवेशासाठी पालकांचीच मुलाखत घेणारी शाळा, हे सगळे मारानेल्लोचेच धाकटे भाऊ. आपल्याला कोणी निवडते आहे या भावनेने सुखावून माणूस दर विचारायला विसरतो, आणि तेवढ्यासाठीच ही व्यवस्था उभी असते.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या काउंटरवर ‘अर्ज भरून ठेवा, नाव आलं तर कळवू’ असे ऐकायला मिळाले, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही रांग माल कमी आहे म्हणून लागली आहे, की रांग हाच माल आहे? पहिली असेल तर आकुर्डीची आठवण ठेवून धीर धरा, ती कधीतरी संपते. दुसरी असेल तर बाहेर पडा. ती संपू नये याचीच तजवीज केलेली असते.